अल बर्शातले डेन्स्क

किस्से कुणी ठरवून जमवत नाही, ते साचतात. आमच्या अल बर्शाच्या बाल्कनीत वाळू साचते, अगदी तसे. सकाळी कठडा स्वच्छ पुसावा आणि संध्याकाळी सहज बोट फिरवावं, तर पुन्हा रेघ उठते. कुठून आली, कधी आली, कळत नाही. आमच्या मॉलमधल्या मंडळींचे किस्से असेच साचले. घडले तेव्हा त्यांतल्या बऱ्याच गोष्टींवर आम्ही खो खो हसलो होतो. आता सांगायला बसलो की मधेच थांबतो आणि मलाच प्रश्न पडतो, यात हसण्यासारखं नक्की काय होतं? मी आयुष्यभर पुण्यात भाषाशास्त्र शिकवलं, त्यामुळे प्रत्येक वाक्याआधी 'बहुधा' लावायची सवय आहे. इथे ते तुम्ही आपापल्या सोयीने लावून घ्या.

*

आधी मंडळी कोण ते सांगतो. उन्हाळ्यात दुबईत बाहेर चालणं म्हणजे आत्महत्या, म्हणून आमच्यासारखे म्हातारे सकाळी मॉलमध्ये चालतात. दुकानांची शटर्स खाली असतात, फरशी नुकतीच पुसलेली असते आणि एसी फुकट. मी मुलीकडे राहतो, तिनेच मला हाकलून तिथे पाठवलं. तिथे भेटले परकारभाई, मूळचे दापोलीकडचे, शारजाच्या रोल्ला बाजारात दुकान काढून म्हातारे झालेले. मग अँगस, स्कॉटलंडचा, जहाजांची तपासणी करण्यात जन्म गेलेला. आणि नील्स, डेन्मार्कचा. रास अल खैमाच्या एका सिमेंट कारखान्यात भट्टी सांभाळायचा आणि आता निवृत्त. नील्सची बायको सुलभाताई मिरजेच्या. कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होत्या, तिथेच दोघांचं जमलं. आता त्या इथल्या एका शाळेत नर्स होत्या. त्या फोनवर बहिणीशी मराठीत बोलताना मी ऐकलं आणि न राहवून थांबलो, तिथून हे सगळं सुरू झालं.

अँगस आणि नील्स यांचं रोजचं भांडण ठरलेलं. कुणाच्या पूर्वजांनी कुणाची गावं जाळली! एका सकाळी मला राहवलं नाही. नको तिथे माहिती पुरवायची माझी जुनी खोड. मी अँगसला म्हणालो की तुझ्या जुन्या स्कॉट्स भाषेत या लोकांसाठी एक खास शब्द होता, 'डेन्स्क'. माणूस डेन्स्क, त्याची बोली डेन्स्क, तिकडून जहाजात आलेली कुऱ्हाडसुद्धा डेन्स्क. काही शतकांपूर्वी मेला तो शब्द. आता फक्त कोशात सापडतो.

अँगस चालता चालता थांबला. "माझ्या पणजीच्या पणजीचा शब्द मला पुण्याचा माणूस सांगतोय," तो म्हणाला. "आता जगून काय करू?"

नील्स शांतपणे म्हणाला, "आमच्याकडेही तुमच्यासाठी शब्द होता. 'शेजारी'. पण तो शिवीसारखा वापरायचे."

मी घरी जाऊन लगेच संदर्भ पुन्हा तपासला. रात्रभर चैन पडेना. दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की त्या शब्दाची आणखीही दोन-तीन रूपं होती. कुणीच विचारलं नव्हतं.

*

शब्द मात्र चिकटला. सुपरमार्केटमधलं लोणी डेन्स्क. माझ्या नातीचे जोडायचे ठोकळे डेन्स्क. परकारभाईंना मधुमेह, त्यांचं इन्सुलिनसुद्धा तिकडचंच निघालं, तेव्हा ते पोटावर हात ठेवून म्हणाले, "सर, माझ्या अंगात तर सकाळ-संध्याकाळ डेन्स्क टोचतात!"

एकदा बिस्किटांच्या दुकानासमोरून जाताना डेन्मार्कच्या बिस्किटांचा तो निळा गोल पत्र्याचा डबा दिसला. परकारभाईंनी रोल्लात असे डबे किती विकले याला हिशेब नव्हता. गावी जाणाऱ्या प्रत्येकाच्या सामानात अत्तर, बदाम, टॉर्च आणि हा डबा. "आमच्या खाडीपट्ट्यात एक घर दाखवा जिथे हा नाय," ते अभिमानाने सांगत होते. मग त्यांनी नील्सला हिंदी-इंग्रजीत समजावलं की त्यात आमच्याकडे सुईदोरा असतो, बटणं असतात, म्हातारीच्या गोळ्या असतात.

नील्सने विचारलं, "आणि बिस्किटं?"

"बिस्किटं एकदाच असतात," परकारभाई म्हणाले. "डबा जन्माचा."

नील्स बराच वेळ काचेतून आत बघत राहिला. मग म्हणाला, "माझी आईसुद्धा. सुईदोराच."

*

चालून झालं की आम्ही कॉफी घ्यायचो. काउंटरवर जॉय नावाची फिलिपिनो मुलगी असायची, सगळ्यांची ऑर्डर तिला पाठ. एका सकाळी नील्स पुढे झाला आणि तिला चक्क त्याच्या भाषेत ऑर्डर दिली. ती हसून म्हणाली, "सॉरी, सर?" त्याने तेच वाक्य जरा मोठ्याने म्हटलं. मग आणखी मोठ्याने. रांगेतले लोक बघायला लागले.

अँगस ओरडला, "सांभाळा रे, आज डेन्स्क सुटलाय!" आम्ही सगळे हसलो. नील्सही हसला, जरा उशिराने. मग त्याने बोटाने कप दाखवला आणि काम झालं.

संध्याकाळी पार्किंगमध्ये सुलभाताई भेटल्या तेव्हा परकारभाईंनी हा किस्सा त्यांना अगदी रंगवून सांगितला, नील्सचा आवाजसुद्धा काढला. सुलभाताईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग नर्स पेशंटच्या नातेवाइकांना विचारते तसं विचारलं, "हे केव्हापासून होतंय?"

*

डॉक्टरांनी सांगितलं ते थोडक्यात असं. स्मृतिभ्रंशाच्या या आजारात शेवटी शिकलेलं आधी जातं. नील्सचं इंग्रजी शाळेतलं आणि नोकरीतलं, ते आता वरून वरून गळत जाणार. खाली आईची भाषा आहे, ती बरीच टिकेल.

आणि या नवरा-बायकोचं सगळं बोलणं इंग्रजीत. भांडणं इंग्रजीत, लाड इंग्रजीत, भाजी काय करू तेही इंग्रजीत. सुलभाताईंना कधी त्याची भाषा शिकायची गरजच पडली नाही. सुट्टीत महिनाभर तिकडे गेल्या तरी सासरचे सगळे उत्तम इंग्रजी बोलायचे.

"आमचा संसार भाड्याच्या भाषेत झाला, सर," त्या मला म्हणाल्या. "आता मालकाने जागा खाली करायला सांगितलीय."

त्यांना एवढंच हवं होतं की त्याच्याशी बोलता यावं. शेवटपर्यंत, थोडंफार तरी. मला म्हणाल्या, "तुम्हाला येतं ना डेन्स्क?" मी खरं तेच सांगितलं की मला ती भाषा वाचता येते, तीही जुनी. राजाने मिठावर कर का बसवला हे मी त्या भाषेत वाचू शकेन, पण पोटात दुखतंय का, एवढं विचारता येणार नाही.

"मग पोटापासून सुरू करा," सुलभाताई म्हणाल्या.

*

असे आमचे वर्ग सुरू झाले. मॉलच्या बाकावर. मी घरी कानात इअरफोन घालून रेकॉर्डिंग ऐकायचो. मुलगी वैतागायची, "बाबा, तुम्ही जेवताना कुणाशी बोलताय?" कागदावर ओळखीची दिसणारी ती भाषा तोंडातून बाहेर पडताना अर्धी अक्षरं गिळते. मला तर वाटायचं हे लोक जेवता जेवताच बोलायला शिकले असणार. तरी मी पाणी, दुखणं, झोप, थंडी, 'मी इथेच आहे' असं थोडं थोडं सुलभाताईंना शिकवायचो, आणि त्या घरी जाऊन नील्सवर प्रयोग करायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी त्याला "पाणी हवं का" विचारलं. नील्सने त्यांच्याकडे असं बघितलं की जणू परकी बाई घरात शिरलीय. मग त्याने तो शब्द स्वतः म्हणून दाखवला. पुन्हा म्हणून दाखवला. सुलभाताईंना जमेपर्यंत सोडलं नाही. नंतर पाणी प्यायलाच विसरला!

अँगस म्हणाला, "मी इथे जन्म घालवला आणि अरबीत 'यल्ला' आणि 'खलास' एवढंच शिकलो. तुम्ही या वयात हे करताय. तुम्हाला बघून मला लाज वाटतेय."

माझ्या मुलीने सुचवलं की फोनवर भाषांतराचं अॅप असतं, कशाला जीव काढताय. आम्ही ते नील्ससमोर धरलं. तो पुटपुटत पाच-सहा वाक्यं बोलला. अॅपने विचार केला आणि स्वच्छ इंग्रजीत सांगितलं की गाय इस्त्री करत आहे. अँगस हसून हसून खोकायला लागला. सुलभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मलाही कळलं नव्हतं.

त्यांनी फोन बंद केला. "अॅपपेक्षा सर बरे," त्या म्हणाल्या. "ते निदान माहीत नाही म्हणतात."

*

मग ती परीक्षा. दर काही महिन्यांनी डॉक्टर नील्सला प्रश्न विचारून आजार किती पुढे गेला ते बघायचे. डॉक्टर केरळचे, अत्यंत सज्जन. नील्सची इंग्रजी उत्तरं बंद झाली तेव्हा दुभाष्या म्हणून सुलभाताई मला घेऊन गेल्या. मी आयुष्यभर परीक्षा घेतल्या, पण त्या दिवशी विद्यार्थ्यापेक्षा जास्त घाबरलो होतो. माझ्या चुकीमुळे त्याचे मार्क गेले तर?

डॉक्टरांनी विचारलं, सध्या ऋतू कोणता. मी भाषांतर केलं. नील्स म्हणाला, उन्हाळा. तेव्हा जानेवारी होता. डॉक्टरांनी फुली मारायला पेन उचललं आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. मी म्हणालो, डॉक्टर, बाहेर बघा. स्वच्छ ऊन आहे, लोक हाफ पँटमध्ये आइस्क्रीम खात आहेत. डेन्मार्कच्या माणसाने याला उन्हाळा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

डॉक्टरांनी खिडकीतून खाली बघितलं. मग म्हणाले, "ठीक आहे, प्रोफेसर. अर्धा मार्क."

मी पूर्ण मार्कासाठी वाद घालणार होतो. तेवढ्यात त्यांनी सुलभाताईंकडे बोट करून पुढचा प्रश्न विचारला. या कोण?

नील्स त्यांच्याकडे बघून हसला, छान ओळखीचं. आणि म्हणाला, नर्स.

मी ते सांगितलं. डॉक्टरांनी कागदावर खूण केली.

"सर, त्यांना सांगा," सुलभाताई मराठीत म्हणाल्या, "उत्तर बरोबर आहे."

*

सुलभाताई शाळेत असताना आम्ही आळीपाळीने नील्सजवळ बसायचो. अँगस टीव्हीवर फुटबॉल लावायचा. मी वाचून दाखवायचो आणि नील्स माझे उच्चार सुधारायचा. परकारभाई त्याच्यासमोर बसून खजूर साफ करायचे आणि मनात येईल ते मराठीत सांगायचे. "त्याला काय ओ, मला काय, दोघांनाही दुसऱ्याचं कळत नाय. झक्क चालतं," असं त्यांचं म्हणणं.

एका दुपारी परकारभाई आतल्या खोलीत नमाजाला उभे राहिले. नमाज आटोपून बाहेर आले तर दार सताड उघडं आणि नील्स गायब. त्यांनी जिना, पार्किंग, कोपऱ्यावरची बकाला, म्हणजे वाण्याचं दुकान, सगळं पालथं घातलं आणि धापा टाकत पोलीस चौकीवर गेले. तिथला तरुण अधिकारी फार अदबशीर होता. त्याने यांना आधी पाणी दिलं. मग वय विचारलं, कपडे विचारले, आणि विचारलं की ते कोणती भाषा बोलतात, म्हणजे गस्तीवाल्यांना त्यांच्याशी बोलता येईल. परकारभाईंच्या डोक्यात तेव्हा एकच नाव होतं. डेन्स्क!

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. त्याने दोन-तीन ठिकाणी फोन करून डेन्स्क भाषेचा दुभाष्या मिळेल का म्हणून चौकशी केली. जो शब्द बोलणारी माणसं मरून शतकं झाली, त्याच्या दुभाष्यासाठी दुबईत फोन फिरत होते. शेवटी तो अधिकारी काळजीने म्हणाला, "हबीबी, ही भाषा नेमकी कुठे बोलतात?"

"मॉलमध्ये," परकारभाई म्हणाले.

नील्स सापडला तो मागच्या गल्लीत बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीच्या आवारात. तिथल्या कामगारांनी त्याला सावलीत बसवलं होतं, प्यायला लस्सी दिली होती. तो ओल्या काँक्रीटचा गोळा चिमटीत घेऊन चोळत होता आणि नापसंतीने मान हलवत होता. आम्हाला सगळ्यांना हसू आलं. परकारभाईंना आलं नाही.

त्या दिवसापासून ते त्या घरी असले की आपली चटई बाहेरच्या दारातच अंथरायचे. त्यांना ओलांडल्याशिवाय कुणाला बाहेर जाता यायचं नाही.

*

थंडीत डेन्मार्कहून नील्सचा पुतण्या आला. मॅड्स नावाचा, भला मोठा, लाजाळू माणूस. त्याने येतानाच चौकशी करून ठेवली होती. त्यांच्या गावाजवळ अशा पेशंटसाठी एक घर आहे, तिथल्या नर्स नील्सची भाषा बोलतात, आणि एक खाट रिकामी होतेय. नील्सला नेता येईल. सुलभाताईंना मात्र भेटायला जाता येईल, राहायला नाही. राहायच्या परवानगीचा अर्ज करायचा, उत्तर यायला बरेच महिने लागणार, आणि ते 'नाही' असंही येऊ शकतं. भेटीच्या व्हिसालाही वेळ लागणार होता. आणि खाट थांबणार नव्हती.

मॅड्स हे सगळं त्यांना इंग्रजीत सांगताना सारखी मान खाली घालत होता. सुलभाताई म्हणाल्या, विचार करते. परकारभाई तर ऐकूनच उखडले. नवरा असा पार्सल करतात काय, आमच्यात असलं नाय चालत, हवं तर माझ्या घरी आणून ठेवा, असं म्हणाले. अँगसचंही तेच मत. त्याला ओळखणारे सगळे इथे आहेत, तो म्हणाला. मला कुणी विचारलं नाही ते बरंच झालं. मला दोन्ही बाजू पटत होत्या, आणि घरी गेल्यावर दोन्ही चूक वाटत होत्या.

त्याच आठवड्यात एकदा मी तिकडे गेलो तर मॅड्स नील्सच्या शेजारी बसून हळू आवाजात काहीतरी सांगत होता. आणि नील्स हसला. तोंडदेखलं नाही. मान मागे टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, मग स्वतःही लांबलचक काहीतरी बोलला, आणि मग दोघं हसले. मी नंतर मॅड्सला विचारलं, विनोद काय होता? तो म्हणाला, विनोद नाही, शेजाऱ्यांचं डुक्कर चर्चमध्ये शिरलं होतं त्याची गोष्ट. काकानेच मला सांगितली होती.

सुलभाताई स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. आत आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाकावर त्यांनी आम्हाला सांगितलं की त्या नील्सला पाठवतायत. परकारभाई पुन्हा सुरू झाले, तेव्हा त्यांनी त्यांना थांबवलं.

"परकारभाई, तो हसला. मी पाणी, झोप आणि पोटात दुखतंय एवढं शिकले. हसवण्याएवढं मला शिकता येणार नाही, तितका वेळ नाही त्याच्याकडे." मग म्हणाल्या, "नर्स म्हणून विचाराल तर पाठवा. बायको म्हणून मला विचारू नका."

जॉयने न विचारता पाच कॉफ्या आणून ठेवल्या. नील्स घरी होता तरी.

*

आता शेवटचा.

विमान दुपारचं होतं. आम्ही तिघं निरोपाला गेलो होतो. बॅग दाराशी होती, खाली गाडी उभी होती. मॅड्सने काकाला कोट घातला, हाताला धरलं आणि त्यांच्या भाषेत म्हणाला, चल, घरी जाऊ.

नील्सने दाराची चौकट धरली.

मॅड्सने समजावलं. चुचकारलं. नील्सने दुसऱ्या हातानेही चौकट धरली. म्हातारा असला तरी भट्टीवर काम केलेला माणूस, बोटं सुटेनात. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, आधी चिडून, मग विनवणी केल्यासारखं. छोटं वाक्य होतं. तीन शब्दांचं. मी घरीच आहे.

"सर, काय म्हणतोय तो?" सुलभाताईंनी विचारलं.

मी म्हणालो, "नीट कळत नाही."

अँगस काहीतरी विनोद करायला गेला आणि अर्ध्यातच वाकून बॅगेचे पट्टे आवळायला लागला. परकारभाई भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मॅड्स घामाघूम झाला होता. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं की डॉक्टरांना बोलावून झोपेचं काहीतरी द्यावं का, नाहीतर विमान जाईल. तो रडवेला झाला होता. मी सुलभाताईंकडे बघितलं. मला वाटलं, त्या आता म्हणतील की राहू दे. मला वाटतं आम्ही सगळेच त्याची वाट बघत होतो.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. फ्रिज उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात वाटी होती.

"नील्स," त्या म्हणाल्या. आणि आपला उजवा तळवा पुढे करून दाखवला.

नील्सने त्यांच्याकडे पाहिलं. चौकटीवरचा उजवा हात सुटला आणि तळवा वर करून पुढे आला. सुलभाताईंनी त्यावर चमचाभर दही घातलं, वर साखर. रास अल खैमाच्या दिवसांत तो कामावर निघाला की रोज हे व्हायचं, हे त्यांनी मला खूप नंतर सांगितलं. त्यांच्या आईने सांगितलं होतं, घरातून निघणाऱ्याच्या हातावर दही घालावं, म्हणजे माणूस सुखरूप परत येतो. भट्टीचं काम, त्यात आग. म्हणून त्यांनी एक दिवस चुकवला नाही.

नील्सने दही चाटून खाल्लं. हात कोटाला पुसला. मग वाकून स्वतःच्या हाताने बूट घातले, नाड्यासुद्धा स्वतः बांधल्या, आणि ताठ उभा राहिला. मॅड्सने हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही. बॅग उचलली आणि सगळ्यांच्या पुढे लिफ्टकडे चालत गेला. उशीर झालेला माणूस जातो तसा.

लिफ्ट आली. आत शिरल्यावर तो वळला आणि सुलभाताईंना म्हणाला, "येतो."

स्वच्छ म्हणाला. त्याच्या तोंडून मराठी शब्द आम्ही कुणी कधी ऐकला नव्हता.

मॅड्स एक पाय लिफ्टमध्ये ठेवून थांबला. त्याने आधी काकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. हे आपल्या भाषेतलं नाही एवढं त्याला कळलं होतं. "काय म्हणाला तो?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडलं, पण सुलभाताई माझ्या आधी बोलल्या. हातातली वाटी तशीच होती. त्यांनी मॅड्सला नीट, सावकाश, इंग्रजीत सांगितलं.

"जातो म्हणाला."